घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय आणि सोशल मीडिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराड-सांगली पट्ट्यात घरातून मसाले, वाळवण, फराळ विकणाऱ्या बायकांना आणि बचत गटांना मी गेली काही वर्षं फोनवरून धंदा कसा चालवायचा ते शिकवते. वर्ग संपला की खरे प्रश्न सुरू होतात आणि मग ते महिनोन्‌महिने व्हॉट्सॲपवर येत राहतात. तेच प्रश्न इथे विचारणाऱ्यांच्या शब्दांत एकत्र केले आहेत, सोप्याकडून अवघडाकडे. तुमचा व्यवसाय शिवणकामाचा किंवा रोपवाटिकेचा असला तरी बरीचशी उत्तरं चालतील. प्रश्न १५ ते १७ मात्र खाण्याच्या मालापुरतेच आहेत.

१. आमचं गाव लहान. सगळे एकमेकांना ओळखतात. मग सोशल मीडिया कशाला?

गाव तुम्हाला ओळखतं, पण तुम्ही उपवासाची भाजणी करता हे किती जणांना ठाऊक असतं? बदली होऊन आलेल्या शिक्षिका, बँकेतले नवे साहेब, गावाबाहेरच्या प्लॉटांवर राहायला आलेली कुटुंबं यांना तर तुमचं घरही माहीत नसतं. शिवाय गावचीच मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला असतात आणि त्यांना घरच्या चवीचा कांदा-लसूण मसाला हवा असतो. या दोन प्रकारच्या माणसांपर्यंत पोचायचं, एवढंच काम आहे.

त्याआधी एक हिशेब करा. दोन हातांनी, एका शेगडीवर तुम्ही दिवसाला किती किलो चकली तळू शकता? समजा पाच. मग लाखभर लोकांनी तुम्हाला ओळखून उपयोग काय? पुन्हा पुन्हा मागवणारी दीडशे-दोनशे घरं मिळाली तरी तुमची शेगडी वर्षभर पेटती राहते. पुढची सगळी उत्तरं हाच हिशेब धरून लिहिली आहेत.

२. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब... सगळंच करायचं का? सुरुवात कुठून करू?

सगळं नको. पहिल्या महिन्यात फक्त व्हॉट्सॲप बिझनेस (प्रश्न ३). दुसऱ्या महिन्यात गूगल मॅपवर नाव (प्रश्न ४). हे दोन्ही नीट बसल्यावर इन्स्टाग्राम किंवा फेसबुक यांपैकी एक.

कोणतं निवडायचं ते गिऱ्हाईक पाहून ठरवा. माझ्या अनुभवात पन्नाशीच्या पुढची मंडळी, सोसायट्यांचे आणि गावांचे ग्रुप फेसबुकवर जास्त सापडतात, तर नोकरी करणारी तरुण जोडपी इन्स्टाग्रामवर. वाळवण आणि मसाल्याला फेसबुकवर चांगली मागणी येते. केक, चॉकलेट, भेटवस्तूंचे डबे इन्स्टाग्रामवर चालतात. यूट्यूबवर लांब व्हिडिओ करणं हा स्वतंत्र उद्योग आहे, त्याला हात घालायची घाई करू नका.

३. साधं व्हॉट्सॲप आहेच. मग व्हॉट्सॲप बिझनेस वेगळं का घ्यायचं?

ते फुकट आहे आणि दुकानाच्या पाटीचं काम करतं. त्यात व्यवसायाचं नाव, वेळ, पत्ता भरता येतो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थाचा फोटो, वजन, किंमत टाकता येते, म्हणजे ‘काय काय आहे?’ असं कुणी विचारलं की एक लिंक पाठवायची. तुम्ही तळणीपाशी असताना आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं. आणि मला सगळ्यांत उपयोगी वाटतात ती लेबलं: ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे यायचे’, ‘माल पोचला’ अशी चिठ्ठी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाला लावता येते. दिवाळीत कुणाचा डबा राहून गेला हे शोधायला वही उलटीपालटी करावी लागत नाही.

एक नंबर एका वेळी साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर, दोन्हीकडे चालत नाही. जुनाच नंबर बिझनेसवर नेता येतो, फक्त आधी बॅकअप घ्या. पण मी वेगळं सिमकार्ड घ्यायला सांगते. घरच्या नंबरावर रात्री अकराला ‘अनारसे आहेत का?’ असा मेसेज आला की घरचेही वैतागतात आणि तुम्हीही. एकाच खात्याला मूळ फोनशिवाय आणखी चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे गटातल्या दोघी-तिघी मिळून उत्तरं देऊ शकतात.

४. माझं दुकान नाही, घरातूनच करते. गूगल मॅपवर नाव टाकता येतं का? घरचा पत्ता सगळ्यांना दिसेल का?

येतं, आणि पत्ता लपवता येतो. गूगल बिझनेस प्रोफाइल (२०२१ पर्यंत याला गूगल माय बिझनेस म्हणत) फुकट आहे. तुम्ही गिऱ्हाइकाच्या घरी माल पोचवत असाल तर पत्ता न दाखवता फक्त ‘आम्ही या भागात सेवा देतो’ असं लिहिता येतं. एकटी राहणारी किंवा दिवसभर घरी एकटी असणारी बाई असेल तर तिने हेच करावं, यात संकोच नको. फक्त कुरिअरने माल पाठवणाऱ्या, गिऱ्हाइकाची प्रत्यक्ष गाठच न पडणाऱ्या धंद्याला मात्र गूगलच्या नियमांत हे प्रोफाइल बसत नाही.

पडताळणीसाठी बहुतेकदा व्हिडिओ मागतात: गल्ली, घराबाहेरची पाटी, आत चाललेलं काम, सामान. दिवसाउजेडी, न थांबता काढा. नाव लिहिताना पाटीवर आहे तेवढंच लिहा. ‘सावित्री गृहउद्योग’ला ‘सावित्री गृहउद्योग बेस्ट चकली कराड स्वस्त फराळ’ असं शेपूट जोडलं तर प्रोफाइल बंद होऊ शकतं.

५. रोज काय टाकायचं? आठ दिवसांत विषय संपतात.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि विचारणारीच्या स्वयंपाकघरात तेव्हाही दहा विषय उकळत असतात. तुम्हाला रोजचं वाटतं ते गिऱ्हाइकाने पाहिलेलं नसतं. मिरच्या उन्हात पसरल्यात, ब्याडगीचा रंग आणि संकेश्वरीचा तिखटपणा यांचं प्रमाण तुम्ही कसं धरता, मसाला डंकावर कुटून येतो तेव्हा किती गरम असतो, कुरडईचा चीक शिजल्याचं कशावरून ओळखता, अनारशाचं पीठ किती दिवस मुरवता. एका चकलीच्या भाजणीतून सहा पोस्ट निघतात: धान्य निवडणं, भाजणं, दळण, पीठ मळणं, पहिला घाणा, मोडून दाखवलेली चकली.

दुसरा साठा म्हणजे पंचांग. आपल्या खाण्याला वर्षभर तिथी आहेत. संक्रांतीला तिळाच्या वड्या आणि गुळपोळी, पाडव्याला श्रीखंड, चैत्र-वैशाखात वाळवण आणि वर्षाचा मसाला, आषाढी-श्रावणात उपवासाचे पदार्थ, गणपतीत मोदक, मग फराळ, तुळशीच्या लग्नानंतर रुखवताच्या ऑर्डरी. फक्त बोलायला लवकर लागायचं. उकडीच्या मोदकांची पोस्ट चतुर्थीच्या आदल्या दिवशी टाकून काय उपयोग, तेव्हा तुमचे हात रिकामे तरी असतात का? सणाच्या तीन आठवडे आधी पहिली पोस्ट, दहा दिवस आधी ऑर्डर कधी बंद होणार त्याची तारीख, आणि सणानंतर गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो (त्यांना विचारून).

रोज टाकायलाच हवं असं नाही. आठवड्याला तीन पोस्ट आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर ‘आज काय ताजं’ एवढं सातत्याने केलंत तरी पुरतं. स्टेटस २४ तासांत जातं, म्हणून ‘आज दुपारी चार किलो शेव उरलीय’ अशा निरोपाला तीच जागा चांगली.

६. महागडा फोन नाही. फोटो कसे चांगले येतील?

फोटोचं निम्मं काम उजेड करतो. सकाळी नऊ-दहाला खिडकीशेजारी पाट मांडा, वरचा दिवा बंद करा, उजेड बाजूने येऊ द्या. काढण्याआधी फोनची काच साडीच्या पदराने पुसा. आपल्या फोनवर तेल-पिठाचे ठसे असतातच. झूम करू नका, फोन जवळ न्या. स्टीलचं ताट चकाकतं आणि पदार्थ काळा दिसतो, त्यापेक्षा केळीचं पान, लाकडी पाट, पांढरी ताटली बरी. आकार कळावा म्हणून एखाद्या फोटोत लाडू हातात धरा.

इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीही वापरू नका. तो दुसऱ्याच्या मालकीचा असतो ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे गिऱ्हाईक तो फोटो पाहून ऑर्डर देतं आणि डबा उघडल्यावर वेगळंच निघतं. तुमची करंजी थोडी वाकडी असली तरी ती तुमची आहे, तीच दाखवा.

७. कॅमेऱ्यासमोर बोलायला लाज वाटते. चेहरा दाखवावाच लागतो का?

नाही. हात दाखवा. पापड लाटणारे हात, कळ्या पाडून मोदक मिटणारी बोटं, हे बघायला लोक थांबतात. आवाज नंतर जोडता येतो. तोही नको असेल तर तळणीचा चुरचुर आवाज तसाच राहू द्या आणि वर चार शब्द लिहा. माझ्या वर्गातल्या एका काकूंनी वर्षभर फक्त हात दाखवले, गिऱ्हाइकं त्यांना बांगड्यांवरून ओळखू लागली.

८. मराठीत लिहू की इंग्रजीत? मुलगा म्हणतो इंग्रजीत लिहिलं तर भारी दिसतं.

ज्यांना विकायचं त्यांच्या भाषेत लिहा. ‘खुसखुशीत’, ‘जाळीदार’, ‘खमंग’ या शब्दांनी तोंडाला पाणी सुटतं, ते दुसऱ्या भाषेत कसं आणणार? फक्त व्यवसायाचं आणि पदार्थांची नावं एकदा रोमन लिपीतही लिहून ठेवा, कारण मराठी माणूससुद्धा शोधताना पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून देतो. पाठवण्याआधी एकदा वाचा; ‘सांडगे’चं भलतंच काही झालेलं असतं.

९. किंमत लिहावी का? सगळे जण ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहितात.

लिहा. वजनासकट, पोचवण्याच्या खर्चासकट. किंमत लपवली की विचारायला संकोच करणारी माणसं निघून जातात, आणि तीच शांतपणे पैसे देणारी असतात. ‘शेजारची माझी किंमत बघून दहा रुपये कमी लावेल’ ही भीती खरी आहे, पण तिला तुमची किंमत तशीही एका फोनवर कळते. किंमत जास्त असेल तर कारणही त्याच जागी सांगा: शेंगदाणा तेल, घरी भाजलेली भाजणी, लाकडी घाण्याचं तेल, जे खरं असेल ते. आणि तेल-डाळ महागली म्हणून दर वाढवलात तर कॅटलॉग, गूगल, जुन्या पोस्ट सगळीकडे एकाच दिवशी बदला. जुना दर दाखवून वाद घालणारं गिऱ्हाईक चुकीचं नसतं.

१०. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढू, ब्रॉडकास्ट करू, की चॅनेल?

ग्रुपमध्ये प्रत्येकाला बाकीच्यांचे नंबर दिसतात, शुभ सकाळ सुरू होतं आणि एका नाराज माणसामुळे सगळे बिथरतात. नुसत्या विक्रीसाठी ग्रुप काढू नका.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि निरोप प्रत्येकाला वेगळा पोचतो. अट एकच: समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच पोचतो. म्हणून पहिला डबा देतानाच सांगायचं, ‘नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन काय केलं की कळवते.’ प्रश्न १ मधली दीडशे-दोनशे घरं एका यादीत बसतात, माझी पसंती यालाच. महिन्याला तीन-चार निरोपांच्या वर जाऊ नका आणि कुणी ‘नको’ म्हणालं की त्याच दिवशी नाव काढा.

चॅनेल भारतात २०२३ साली आलं. तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, संख्येचं बंधन जाणवत नाही, पण संवाद एकतर्फी असतो. गिऱ्हाइकं पाचशेच्या पुढे गेली की विचार करा.

सोसायटीच्या किंवा शाळेच्या पालकांच्या ग्रुपमध्ये जाहिरात टाकण्याआधी ॲडमिनला विचारा. आणि तिथले नंबर परस्पर उचलून आपल्या यादीत घालू नका. कुणाचा नंबर ज्या कामासाठी मिळाला त्याच कामासाठी वापरायचा, हे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचंही सूत्र आहे.

११. रीलला पन्नास हजार व्ह्यूज आले, पण ऑर्डर एकही नाही. काय चुकलं?

बहुधा बघणारे तुमच्या पंचक्रोशीतले नव्हते. गोरखपूरच्या माणसाला तुमची पुरणपोळी आवडली तरी तो घेणार कशी? रीलमध्येच गावाचं नाव बोला आणि लिहा, पोस्टला ठिकाण जोडा, ‘कराड, मलकापूर, ओगलेवाडीत घरपोच’ असं स्पष्ट सांगा. ऑर्डर कशी द्यायची हे शेवटच्या वाक्यात असू द्या आणि प्रोफाइलमध्ये व्हॉट्सॲपची लिंक ठेवा.

दुसरं कारण मला पुष्कळ ठिकाणी दिसतं: विचारणा आलेली असते आणि उत्तर दुसऱ्या दिवशी गेलेलं असतं. व्ह्यूज मोजण्याऐवजी वहीत तीन रकाने आखा: किती जणांनी विचारलं, किती जणांनी घेतलं, किती जण परत आले. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हे विचारून चौथ्या रकान्यात लिहा. कष्ट कुठे घालायचे ते महिन्याभरात ती वहीच सांगेल.

१२. पैसे भरून जाहिरात करावी का? किती?

जी पोस्ट फुकटात चालली नाही तिला पैसे घालून फारसं काही होत नाही. ज्या पोस्टवर ओळखीबाहेरच्या लोकांनी ‘कुठे मिळेल?’ असं विचारलं, तीच निवडा. सणाच्या दोन-तीन आठवडे आधी, दिवसाला शंभर-दोनशे रुपये, पाच दिवस, एवढ्यावर अनुभव घ्या. भाग निवडताना ‘महाराष्ट्र’ ठेवू नका, नकाशावर आपल्या गावावर खूण करून भोवतालचा पट्टा घ्या. जाहिरात दाबल्यावर थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडेल असा पर्याय असतो, आपल्याला तोच योग्य. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, हिशेबात तो धरा.

गणित साधं आहे. हजार रुपयांतून पाच नवी गिऱ्हाइकं आली आणि त्यातली दोन वर्षभर राहिली, तर ते पैसे वसूल झाले. पाचही एकदाच घेऊन गेली तर जाहिरात थांबवा आणि मालाकडे बघा.

१३. ‘एक हजार रुपयांत दहा हजार फॉलोअर’ असे मेसेज येतात. घ्यावेत का? रिव्ह्यूसाठी लाडूचा डबा फुकट दिला तर?

दोन्ही नको. विकत घेतलेले फॉलोअर तुमच्याकडून चिवडा घेत नाहीत, आणि मग तुमची पोस्ट खऱ्या माणसांपर्यंत कमी पोचते. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, पैसे किंवा भेट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. मागणं मात्र चालतं. डब्यावर क्यूआर कोडची चिठ्ठी चिकटवा आणि ‘चव कशी वाटली ते जरूर लिहा’ असं म्हणा. ‘चांगलंच लिहा’ म्हणू नका.

१४. एकाने ‘चकली खवट होती’ असा रिव्ह्यू टाकला. रात्रभर झोप लागली नाही. काढून टाकता येतो का?

खरा गिऱ्हाईक असेल तर नाही, आणि प्रयत्नही करू नका. मला माहीत आहे हे किती लागतं. पहाटे चारला उठून तळलेल्या मालावर कुणी एका ओळीत बोट ठेवतं. त्या दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी आधी त्याच घाण्यातला तुमच्याकडे उरलेला माल चाखा, तो कुठल्या तारखेचा, तेल कुठलं, आणखी कुणाला गेलाय ते बघा. मग जाहीरपणे तीन वाक्यं लिहा: त्रास झाला याबद्दल वाईट वाटतं, आम्ही हे हे तपासलं, आपल्याशी फोनवर बोलून माल बदलून देतो किंवा पैसे परत करतो. ते उत्तर पुढे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वाचतं.

कधीच ऑर्डर न दिलेल्या माणसाने, किंवा स्पर्धेतून कुणी खोटं लिहिलं असेल, तर ‘आमच्या नोंदीत आपली ऑर्डर सापडत नाही, कृपया तारीख कळवा’ एवढं लिहा आणि गूगलकडे तक्रार नोंदवा. शेजारणींना सांगून दहा खोटे पाच-तारे मिळवणं हा त्यावरचा उपाय नव्हे (प्रश्न १३).

१५. मी फक्त दिवाळीत विकते, तेही ओळखीत. परवाना लागतो का? पोस्टमध्ये काय लिहावं लागतं?

घरातून, थोडं, हंगामात विकलं तरी २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या नजरेत तो अन्नव्यवसायच आहे, आणि एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. छोट्या उत्पादकांसाठी ती साधी असते, त्यांच्या फोस्कोस पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. मी तो प्रोफाइलमध्ये आणि कॅटलॉगमध्येही लिहायला सांगते. अनोळखी माणसाचा विश्वास बसायला दहा सुंदर फोटोंपेक्षा तो जास्त कामी येतो.

पाकिटावर आणखी हवं ते असं: पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची आणि टिकण्याची तारीख, तुमचं नाव-पत्ता, आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. शेंगदाणे, तीळ, दूध, गहू कशात आहेत ते पोस्टमध्येही सांगा. कुणाच्या लेकराला शेंगदाण्याची ॲलर्जी असते.

१६. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, नाचणीचं सत्त्व. ‘मधुमेहावर रामबाण’ असं लिहिलं तर चालेल का? आजीपासून सांगत आलोय.

आजीने घरात सांगणं वेगळं आणि तुम्ही विकताना लिहिणं वेगळं. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यात ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे आणि मधुमेह त्या यादीत आहे. पोस्ट, स्टेटस, रील ही सगळी जाहिरातच. खाण्याच्या पदार्थाने आजार बरा होतो असा दावा अन्न सुरक्षा कायद्यातही चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, तुमच्या शब्दावर विसंबून कुणी गोळ्या बंद केल्या तर? गुळात केलेला लाडूही रक्तातली साखर वाढवतो.

जे खरं आहे ते लिहा: ‘साखर घातलेली नाही, गूळ आहे’, ‘मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व’, ‘बाळंतिणीला देतात तसे डिंकाचे लाडू’. हे माहितीचं आणि परंपरेचं वर्णन झालं, इलाजाचा दावा नव्हे.

१७. उन्हाळ्यात आंबे विकतो. सगळ्या पेट्यांवर ‘हापूस’ लिहिलं की खपतात. काय बिघडलं?

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. बाहेरून आलेल्या आंब्याला ते नाव लावणं बेकायदा आहे आणि कोकणातल्या बागायतदाराच्या पोटावर पाय देणंही आहे. तुमचा आंबा केशर असेल तर केशर म्हणा, त्यालाही गिऱ्हाईक आहे. खरा हापूस असेल तर बागेचं गाव, पेटी भरल्याची तारीख आणि बागेतला व्हिडिओ दाखवा.

१८. रीलला चित्रपटातलं गाणं लावलं तर आवाज बंद झाला. मैत्रिणीच्या रीलवर तेच गाणं चालतं!

मैत्रिणीचं खातं वैयक्तिक असेल. इन्स्टाग्रामवर बिझनेस खात्यांना गाण्यांची यादी मुद्दाम छोटी मिळते, कारण गाण्याचे व्यापारी हक्क वेगळे असतात. खातं वैयक्तिक करून पळवाट काढू नका, धंद्यासाठी वापरलेलं गाणं धंद्यासाठीच वापरलेलं राहतं. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) साउंड कलेक्शनमध्ये मोकळं संगीत मिळतं. आणि खलबत्त्याचा आवाज तर तुमच्या मालकीचाच आहे.

१९. एक फूड ब्लॉगर म्हणते, फराळाचा डबा फुकट द्या, मी रील टाकते. हे ठीक आहे का?

ठीक आहे, पण ती रील जाहिरात आहे असं तिने ठळक लिहायला हवं. फुकट माल हाही मोबदलाच धरला जातो. जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून हेच सांगतात, ग्राहक व्यवहार खात्याच्या २०२३ च्या सूचनाही. होकार देण्याआधी तिचे फॉलोअर कुठले आहेत ते विचारा. जिल्ह्याबाहेरचे लाखभर असण्यापेक्षा तालुक्यातले तीन हजार तुमच्या कामाचे (प्रश्न ११).

२०. बेंगळुरूहून, अमेरिकेतून विचारणा येते. पाठवू का?

महाराष्ट्रात पाठवायला अडचण नाही. परराज्यात करपात्र माल विकायचा असेल तर उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, ही अट पुष्कळ जणींना माहीत नसते. पापड करमुक्त आहे, चिवडा-लोणचं नाही. पहिली ऑर्डर घेण्याआधी कर सल्लागाराला आपल्या मालाची यादी दाखवा.

परदेशात पाठवायचं तर फराळ नेणाऱ्या कुरिअरवाल्याशी आधी बोला. काय चालतं, शुल्क किती, कोण भरणार हे देशागणिक बदलतं. अमेरिकेने छोट्या पार्सलांवरची शुल्कमाफी ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली, त्या दिवाळीत कित्येकांचे अंदाज चुकले. आणि चकली काय, करंजी काय, विमानाआधी एकदा पुण्याला पाठवून पाहा. तुकडे झाले तर पॅकिंग बदला.

२१. ‘मी लष्करात आहे, ५० किलो लाडू हवेत, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील’ असा फोन आला. खरा असेल का?

नाही. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकलात की पैसे तुमच्या खात्यातून जातात. भाव न करता मोठी ऑर्डर, घाई, आणि ओळखपत्राचा फोटो, ही या फसवणुकीची ठरलेली चाल आहे. ‘पैसे आले’ असा स्क्रीनशॉटही पुरावा मानू नका, खात्यात जमा दिसले तरच माल द्या. मोठ्या ऑर्डरीला निम्मी रक्कम आगाऊ घ्या.

‘तुमच्या पेजने नियम मोडलाय, २४ तासांत बंद होईल, इथे क्लिक करा’ हा मेसेजही खोटा. पासवर्ड चोरायचा तो सापळा आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्हीकडे टू-स्टेप पडताळणी (म्हणजे आणखी एक गुप्त कोड) आजच चालू करा. फसवणूक झालीच तर लाजून बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

२२. पेज भाच्याने काढून दिलं होतं. आता त्याची नोकरी बाहेरगावी, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. काय करू?

भाच्याला आजच फोन करा, तो तुमच्याशी बोलतोय तोवर हे सोपं आहे. पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने तुमच्या खात्याला पूर्ण नियंत्रण द्यायचं. मग नोंदवलेला मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचा करायचा, गूगल प्रोफाइलची मालकीही तुमच्या नावावर आणायची.

हे मी पोळल्यावर शिकले. आमच्या गटाचं पहिलं पेज आम्ही शहरातल्या एका एजन्सीकडून करून घेतलं. तिने ते स्वतःच्या खात्यावर काढलं होतं. दोन वर्षांनी काम थांबवलं तेव्हा पेज तिच्याकडेच राहिलं, त्यावरचे फोटो, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं. आम्ही शून्यापासून नवं पेज काढलं आणि जुनी गिऱ्हाइकं कित्येक महिने जुन्याच पेजवर मेसेज करत राहिली. दुसऱ्याला काम द्यायला हरकत नाही, पण किल्ली तुमच्या कमरेला हवी. बचत गटात निदान दोघींकडे नियंत्रण ठेवा आणि पासवर्ड गटाच्या वहीत, अध्यक्षांच्या कपाटात.

२३. उलटच झालं. इतक्या ऑर्डरी आल्या की पेलवत नाहीत. नाही म्हणू तर गिऱ्हाईक तुटेल?

वसुबारसेला रात्री दोनला रडत तळणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. घाईतला घाणा कच्चा राहतो, आणि नव्याने आलेलं गिऱ्हाईक तोच पहिल्यांदा चाखतं. रोजची क्षमता प्रश्न १ मध्ये काढलीच आहे. तिला दिवसांनी गुणा, त्यातला एक पंचमांश भाग जुन्या घरांसाठी बाजूला काढा, उरलेला भरला की थांबा. मोठी ऑर्डर असेल तर ओळखीच्या दुसऱ्या गटाकडे पाठवा आणि तसं गिऱ्हाइकाला सांगा. दुसरीचा माल आपल्या लेबलाखाली विकू नका.

थांबल्याचं मात्र जाहीर करा. व्हॉट्सॲपच्या आपोआप उत्तरात आणि स्टेटसवर हे टाका: ‘दिवाळीच्या ऑर्डरी भरल्या आहेत, क्षमस्व. भाऊबीजेनंतर सोमवारपासून पुन्हा ताजा माल सुरू. नाव लिहून ठेवू का?’ ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांना नवं लेबल लावा, आणि त्या सोमवारी पहिला निरोप त्यांनाच पाठवा.